मला पटलंय, की मी थकलेय?

ताई,

आमच्या विभागात आम्ही नऊ जण. आमच्याकडून बाहेर जाणारं प्रत्येक काम दुसऱ्या सहकाऱ्याने एकदा तपासायचं, अशी जुनी पद्धत होती. वेळ वाचवायचा म्हणून ती बंद करायचं ठरतंय. पहिल्या बैठकीत मी विरोध केला. बाकी आठही जण दुसऱ्या बाजूला. पुढच्या बैठकीत पुन्हा बोलले, तर कुणीतरी हसून म्हणालं, "झालं, यांचं सुरू!" त्यानंतरच्या बैठकीत मी मुकाट्याने हात वर केला. सध्या महिनाभर तपासणी बंद ठेवून बघायचं चाललंय, महिनाअखेरीस कायमचा निर्णय होईल. गंमत म्हणजे आता मलाही वाटू लागलंय की त्यांचंच बरोबर असेल. मला खरंच पटलंय, की मी नुसती थकलेय? आणि पटलं नसेल, तर आठांपुढे एकीने बोलून होणार तरी काय?

– एक वाचक

•

तुमचे प्रश्न दोन आहेत, पण ते एकमेकांत इतके गुंतलेत की एकाचंही उत्तर तुम्हाला मिळत नाहीये. आधी पहिला सोडवू. आपल्याला नेमकं काय वाटतं हे ठाऊक नसताना पुढच्या बैठकीची तयारी करणं म्हणजे उगाच घोडं दामटणं.

मत बदललं असेल तर त्यात कमीपणा काही नाही. आठ जाणती माणसं एकच गोष्ट म्हणतात तेव्हा तोही एक पुरावा असतो, आणि तो झटकून टाकणारा माणूस स्वतंत्र बुद्धीचा असतोच असं नाही. बऱ्याचदा नुसता हेकट असतो. अडचण एवढीच, की माणूस बहुमताकडे दोन वेगवेगळ्या कारणांनी झुकतो आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये ही फोड केली. एक कारण असं, की या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. दुसरं असं, की आपल्याला वेगळं पडायचं नाही. हात दोन्ही वेळा वरच जातो. तुमचा कशामुळे गेला, हा तुमचा पहिला प्रश्न आहे.

इथे दोन जुने प्रयोग एकमेकांशेजारी ठेवून बघा. १९३५ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी लोकांना पूर्ण अंधाऱ्या खोलीत बसवून प्रकाशाचा एक बारीक ठिपका दाखवला. ठिपका स्थिर असतो, पण अंधारात डोळ्याला आधाराला दुसरं काहीच नसल्यामुळे तो हलल्यासारखा वाटतो. किती हलला, हे सांगायचं. एकेकट्याने सांगितलेले अंदाज बरेच वेगवेगळे होते. मग लोकांना एकत्र बसवलं, तर त्यांचे आकडे हळूहळू जवळ येत गेले. आणि पुन्हा एकट्याने बसवल्यावरही लोक गटात ठरलेल्या आकड्याच्या आसपासच राहिले. कुणी दटावलं नव्हतं, कुणी हसलं नव्हतं. ठाम उत्तर नसलेल्या प्रश्नात गटाचं उत्तर आपलं होऊन जातं, आणि ते बाहेरून आलंय हे आपल्या लक्षातही राहत नाही.

दुसरा प्रयोग सॉलोमन ॲश यांचा, १९५० च्या दशकातला. यात प्रश्न अगदी स्वच्छ होता. समोरच्या तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याच्या रेघेइतकी लांब आहे, एवढंच सांगायचं. एकट्याने सांगताना चुका जवळजवळ होतच नाहीत. पण खोलीत एक सोडून बाकी सगळे ॲश यांनी आधीच पढवलेले, आणि १८ पैकी १२ वेळा ते एकमुखाने चुकीचं उत्तर देणार. बिचाऱ्या खऱ्या सहभागीची पाळी शेवटाकडे. त्या १२ फेऱ्यांमधल्या उत्तरांपैकी सुमारे ३७ टक्के उत्तरं बहुमताबरोबर चुकली. एकदाही न झुकलेले होते साधारण एक चतुर्थांश. ही फक्त एका देशातल्या लाजऱ्या विद्यार्थ्यांची कथा नव्हे. १९९६ मध्ये १७ देशांतल्या अशा १३३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. प्रमाण देशागणिक कमीजास्त निघालं, पण झुकणं होतंच.

मला यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो नंतरच्या मुलाखतींचा. चुकीचं उत्तर देणाऱ्यांपैकी काही जणांना खरं उत्तर स्वच्छ दिसत होतं, त्यांना फक्त वेगळं दिसायचं नव्हतं. पण बरेच जण म्हणाले, की इतके सगळे एक सांगताहेत म्हणजे माझीच नजर चुकत असणार. रेघ त्यांना बरोबर दिसत होती. त्यांचा विश्वास उडाला होता तो स्वतःच्या डोळ्यांवरचा.

आता तुमच्याकडे येते. तपासणी बंद केल्याने नुकसान होईल का, हा प्रश्न रेघेसारखा स्वच्छ नाही आणि अंधारातल्या ठिपक्याइतका निराधारही नाही. मोजता येण्यासारखं त्यात बरंच आहे. म्हणून एक करा. कागद घ्या आणि तुमचं मत का बदललं, ते लिहा. "वाचलेला वेळ मला वाटला होता त्यापेक्षा बराच जास्त आहे," "महिनाभरात परत आलेल्या कामांत काही फरक पडला नाही," असं काही लिहिता आलं, तर तुम्हाला पटलंय. मग विरोधाचं ओझं खुशाल उतरवून ठेवा. "सगळेच म्हणताहेत," "मीच का ताणून धरू," "मी फार काटेकोर असेन," एवढंच लिहिता आलं, तर पटलेलं काही नाही. तुमचं पत्र वाचून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. त्यात तपासणीबद्दलचं एकही नवं कारण नाही. "झालं, यांचं सुरू" हे वाक्य मात्र जसंच्या तसं आहे.

आता त्या आठ जणांविषयी. हा आकडा तुम्हाला फार मोठा वाटतोय. ॲश यांनी बहुमताचा आकार कमीजास्त करून पाहिला होता. समोर एकच जण असेल तर त्याच्या चुकीच्या उत्तराचा जवळजवळ काही परिणाम होत नाही. दोघांचा थोडा होतो, तिघांचा जवळपास पूर्ण. त्यापुढे माणसं वाढवली तरी दबाव फारसा वाढला नाही. म्हणजे तुमच्या खोलीत तिघे असते तरी तुम्हाला साधारण असंच गुदमरल्यासारखं झालं असतं.

शिवाय आठ हात म्हणजे आठ मतं हे कुणी सांगितलं? त्यांनी एकमेकांचं न ऐकता आपापला विचार करून ते सांगितलं असतं, तर त्या एकमताला मोठं वजन आलं असतं. बैठकीत तसं होत नाही. आधी साहेब बोलतात, मग त्यांच्या शेजारचा, मग उरलेले त्यांची री ओढतात. पहिली दोन मतं खरी असतात, पुढची बरीच त्या दोघांची सावली. आणि याचा पुरावा म्हणून मला कुठला प्रयोग शोधायची गरज नाही. शेवटच्या बैठकीत वर गेलेल्या हातांत एक तुमचा होता! त्या खोलीत अजून एखादी बिचकलेली व्यक्ती असेल, तर तिने काय पाहिलं? आधी दोनदा विरोध करणाऱ्या बाईंनाही पटलं, आता आपण एकट्याच उरलो. तुम्ही त्यांच्याकडे बघून हात वर केलात, आणि ते तुमच्याकडे बघून.

हे अगदी नेहमीचं आहे. डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या दारू पिण्याच्या वातावरणाबद्दल अनेकांना मनातून अवघडल्यासारखं होत होतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना काहीच वाटत नाही, अडचण फक्त मला आहे. जर्मनीच्या एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांनी १९७४ मध्ये याच्याच जवळची गोष्ट समाजाच्या पातळीवर मांडली होती. आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणसं गप्प होतात, गप्प झाल्यामुळे ते मत आणखीनच दुर्मीळ दिसतं, आणि मग आणखी काही जण तोंड मिटतात.

त्यामुळे तुमचं पहिलं काम बैठकीत नाहीच. ते बैठकीच्या आधीचं आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. तुमच्यासारखं वाटणारं एक माणूस शोधा. एकच. ॲश यांच्या प्रयोगात खऱ्या सहभागीला बरोबर उत्तर देणारा एक सोबती दिला, तेव्हा बहुमतापुढे झुकून दिलेली चुकीची उत्तरं आधीच्या चौथाईवर आली. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, हा सोबती बरोबर असायलाच हवा असंही नव्हतं. तो बहुमताहूनही जास्त चुकीचं, पण वेगळं उत्तर देत असला तरी खऱ्या सहभागीच्या चुका ९ टक्क्यांवर उतरल्या. बहुमताचं खरं बळ त्याच्या एकमुखीपणात असतं. त्याला कुठूनही एक तडा गेला की बाकीच्यांना स्वतःला दिसतं ते बोलण्याची मुभा मिळते. म्हणून तो दुसरा माणूस तुमच्याच बाजूचा हवा असाही आग्रह नको. तपासणी अर्धी ठेवा म्हणणारा, किंवा आणखी कडक करा म्हणणारासुद्धा चालेल.

शोधताना मात्र "माझ्या बाजूने बोलाल का?" असं विचारू नका. त्यातून गटबाजीचा वास येतो. एकेकट्याला गाठून साधं विचारा, "महिनाभर तपासणी नव्हती, तुमचा काय अनुभव?" आणि मग खरंच ऐका. कुणी बैठकीत साथ देतो म्हणालं, तर ते शब्दाला जागणारं माणूस आहे ना, हेही जोखा. ॲश यांनी सोबती मध्येच बहुमताला जाऊन मिळेल अशीही एक फेरी केली होती, आणि तो फिरल्याबरोबर चुका पुन्हा वर उसळल्या.

दुसरा प्रश्न, एकीने बोलून काय होणार. ताबडतोब विचाराल, तर बहुधा काहीच नाही. मात्र तुम्ही यश वर गेलेल्या हातांवर मोजताय, आणि अल्पमताचा परिणाम तिथे सगळ्यात कमी दिसतो.

फ्रान्समध्ये काम करणाऱ्या सर्ज मोस्कोविची यांनी १९६९ मध्ये ॲश यांचा प्रयोग जणू उलटा करून पाहिला. सहा जणांचा गट, त्यात दोघे पढवलेले. पडद्यावर ३६ निळ्या पारदर्शिका, आणि हे दोघे प्रत्येक वेळी ठामपणे म्हणणार, "हिरवा." बाकीच्यांच्या उत्तरांपैकी ८ टक्क्यांहून थोडी जास्त उत्तरं हिरवी झाली. हे दोघे कधी हिरवा, कधी निळा म्हणू लागले तेव्हा मात्र तोच आकडा सव्वा टक्क्यावर आला. आठ टक्के म्हणजे काही लाट नव्हे, ॲश यांच्या ३७ टक्क्यांपुढे तर चिल्लरच. पण नंतर याच लोकांना निळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, ते वेगळं ओळखायला दिलं. तेव्हा तोंडाने "निळा"च म्हणत राहिलेल्या काही जणांचीही सीमारेषा हिरव्याच्या बाजूने सरकलेली आढळली. पुढे १९८० मध्ये मोस्कोविची यांनी यावर एक मांडणी केली: बहुमतापुढे माणूस "मी यांच्यात बसतो का?" याचा विचार करतो, ठाम अल्पमतापुढे मात्र "ही माणसं असं का म्हणताहेत?" याचा. नंतरच्या संशोधकांनी या मांडणीवर बरेच आक्षेप घेतले, आणि सगळीकडे ती तंतोतंत लागू पडतेच असं नाही. पण उघड होकार आणि आतला बदल यांचे रस्ते वेगळे असू शकतात, इतकं तुमच्यासाठी पुरेसं आहे.

शार्लन नेमेथ यांचं काम मला यापुढचं वाटतं. त्यांच्या अभ्यासांत दिसलं, की बहुमताशी मतभेद झाला की माणसं बहुमताच्याच चाकोरीतून विचार करतात. अल्पमत ऐकलं की ती इकडेतिकडे शोधू लागतात, आणि दोन्ही बाजूंनी न सुचवलेली उत्तरंही त्यांना सापडतात. हे अल्पमत चूक असलं तरी होतं. म्हणजे तपासणीबद्दल शेवटी तुम्हीच चुकीच्या ठरलात, तरी तुमच्या बोलण्याने बाकीच्यांनी परत आलेल्या कामांचा हिशोब काढला, तर विभागाचा फायदाच. फक्त एक पथ्य. "मी आपली मुद्दाम दुसरी बाजू मांडते हं," असा आव आणू नका. बोलणं सौम्य व्हावं म्हणून लोक असं करतात. नेमेथ यांनी २००१ मध्ये हीच तुलना केली होती: सोंग म्हणून केलेला विरोध खऱ्या विरोधाइतका विचार जागवत नाही. तुमचं मत तुमचं म्हणूनच मांडा.

याची किंमत मोजावी लागते, तेही सांगते. १९५१ मध्ये स्टॅन्ली शाख्टर यांनी चर्चेच्या गटांत तीन प्रकारची माणसं पेरली. एक शेवटपर्यंत विरोधात राहणारा, एक विरोधात सुरुवात करून हळूहळू गटाकडे सरकणारा, आणि एक पहिल्यापासून गटाबरोबर. कायम विरोध करणाऱ्याशी गट आधी भरपूर बोलला, त्याला वळवायला. नंतर कामं वाटायची वेळ आली तेव्हा त्याच्या वाट्याला कुणालाच नको असलेलं काम आलं. सरकत आलेल्याला मात्र गटाने जवळजवळ आपल्यातलाच मानलं. "झालं, यांचं सुरू" ही त्या किमतीची पहिली पावती समजा.

ती कमी करता येते. एडविन हॉलँडर यांनी १९५८ मध्ये मांडलं, की गटात माणसाची एक पत साठत जाते: कामातून, शब्द पाळण्यातून, गटाच्या साध्यासुध्या चालीरीती सांभाळण्यातून. वेगळं मत मांडताना ती खर्च होते. तेव्हा स्वतःलाच विचारा, की याआधी तुम्ही ती कुठे कुठे उधळलीत? बैठकीची वेळ, फाइलींची नावं, बसण्याची जागा, अशा प्रत्येक गोष्टीत तुमचा वेगळा सूर असतो का? पत्रावरून मला ते कळत नाही, पण "यांचं सुरू" असं कुणाच्या तोंडून सहज निघत असेल तर तपासून बघा. तसं असेल तर किरकोळ गोष्टींतला विरोध बिनशर्त सोडून द्या आणि तपासणीपुरतं बोला.

बोलताना ठाम राहा, पण हटून बसू नका. ठाम म्हणजे दर बैठकीत तोच मुद्दा, त्याच कारणासह, आवाज न चढवता. हटून बसणं म्हणजे समोरच्याचं रास्त म्हणणंही न मानणं. वेळ वाचतो, हे त्यांचं खरं आहे ना? मग ते पहिल्याच वाक्यात मान्य करा. सगळी कामं तपासायची गरज नाही, हेही बहुधा खरं असेल. "ज्या कामातली चूक नंतर दुरुस्त करता येत नाही तेवढीच तपासू," अशी तुमची मागणी असली, तर तुम्ही मूळ मुद्दा सोडलेला नसतो आणि त्यांनाही माघार घेतल्यासारखं वाटत नाही.

आता महिनाअखेरीच्या बैठकीचं. या महिन्यात किती कामं परत आली, कशासाठी आली आणि ती दुरुस्त करायला किती वेळ गेला, याची यादी आजपासूनच ठेवा. वाचलेला वेळही त्याच कागदावर लिहा, नाहीतर तुमचा कागद कुणी मनावर घेणार नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी प्रमुखांना विनंती करा, की चर्चेआधी प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर, नाव न घालता लिहून द्यावं. स्वतःसाठी म्हणून मागू नका. "सगळ्यांची मतं एकमेकांच्या प्रभावाविना येतील," इतकं कारण पुरे. ॲश यांच्याकडेही उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी लिहून द्यायची सोय झाली तेव्हा झुकणारे बरेच कमी झाले होते. प्रमुख नाही म्हणाले, तर निदान पहिल्यांदा बोलण्याची संधी मागा. चौघेपाचजण होकार देऊन बसल्यावर तुमचा नकार त्यांच्या शब्दाविरुद्ध जातो, आणि दिलेला शब्द माणूस सहसा मागे घेत नाही.

चिठ्ठ्यांत आठ विरुद्ध एकच निघालं तर? तर निदान ती आठ खरी मतं आहेत हे कळेल, आणि मग त्यांचं वजन तुम्हीही मानायला हवं. तुमचा वेगळा अभिप्राय कारणासकट इतिवृत्तात नोंदवून घ्या, सहा महिन्यांनी हाच कागद पुन्हा बघायचं ठरवून घ्या, आणि तोवर ठरलं तसंच, मनापासून काम करा. मात्र पटलेलं नसेल तर हात वर करू नका. विरोधात बोलायचं त्राण नसेल त्या दिवशी "मी तटस्थ" म्हणा. त्याला फार हिंमत लागत नाही, आणि मोजताना नऊचे आठ होतात.